पोरगी हो म्हनली तवा

अंगनवाडीच्या दारात पोरांच्या चपला पडल्या होत्या अन् त्याच्यात माह्या पोरीच्या नव्हत्या. गुलाबी होत्या, एकीचा पट्टा मी सुईदोऱ्यानं शिवला होता, लांबून दिसे तो टाका. मी पह्यले चपलाच पाह्यल्या, मंग आत पाह्यलं. मदतनीस ताटल्या मांडून राह्यली होती. पोरं भिंतीले टेकून बसले होते. बाहेर कोनाची गाडी उभी होती. मी म्हनलं, माही कुठी हाय.

सेविका बाई रजिस्टरात लिवून राह्यली होती. मान वर न करता म्हने, "तुमीच नेली ना घरी?"

मी कायले नेईन. मी तं आता आली, खिचडीच्या वेयी, रोजच्यासारखी.

"मंग असन इथंच. बाहेर बसाले गेली असन."

मी मांगं पयाली. नाही. हापशापाशी नाही. अंगनवाडीच्या बाजूले आमचा विहार हाय, त्याच्या पायऱ्यावर नाही, आतमंदी नाही. विहाराच्या मांगं जुनी विहीर हाय, तिच्यावर जाळी टाकेल हाय, मालूम हाय मले का जाळी हाय, तरी मी वाकून पाह्यलं अन् जाळी धरून खाली बसली. मंग उठली अन् पोरीचं नाव घेऊन ओरडली. शेजारची बाई आली, तिनं नाव घेतलं. मंग तिची सासू. मंग पानटपरीवरचे चार जन. पाच मिनिटात सगयी वस्ती माह्या पोरीचं नाव घेऊन राह्यली होती, जिनं कधी तिले जवय घेतली नाही ते बाई बी.

अन् मले मालूम होतं का ती ओ देनार नाही. माह्या एकटीलेच मालूम होतं. मीच तिले तसं शिकवलं होतं.

हे मी आता लिवून राह्यली, तवा कोनाले सांगतलं नव्हतं.

पोरगी चार वर्साची हाय. ती दोन-सव्वादोनची असंन तवा जावेच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. एक बाई, तिच्या खांद्यावर पोतं, अन् खालून लिवलं होतं का पोरं चोरनारी टोळी आली हाय, आपल्या जिल्ह्यात फिरून राह्यली, सावध राहा. कुठचा होता तो व्हिडिओ कोनाले माईत. भाषा बी आपल्याकडची नव्हती. पन मी तो पाह्यला अन् माह्यं काम झालं. माह्यावाला मानूस पुन्याले कंपनीत. जयंतीले येते अन् दिवाळीले येते. घरात सासू, अंगनाच्या पलीकडे भासरे, म्हंजे नवऱ्याचे मोठे भाऊ, अन् जाऊ. मी अन् पोरगी दिवसभर एका खोलीत. मी दाराची कडी लावून सयपाक करो. पोरीले मी सांगतलं, अनोयखी मानूस दिसला का बोलाचं नाही. नाव इचारलं तं सांगाचं नाही. नाव घेऊन हाक मारली तरी ओ द्याची नाही, मीच आली तं मी जवय येऊन हात लावीन. अन् लपाचं. कोठ्यात बैलाच्या पल्याड एक रिकामी कनगी हाय, बांबूची, आंगोदर तिच्यात ज्वारी भरत, आता ते आडवी पडेल हाय. त्याच्यात जाऊन बसाचं.

आमी तो खेय खेयलो. मी म्हनो, आला रे मानूस आला, अन् ती पये. मी किती येय हाका मारो अन् ती नाही बोले. मंग मी जाऊन तिले बाहेर काढो अन् मुका घेऊन म्हनो, शहानी माही बाई. असं दोन वर्स.

तुमी म्हनसान मंग पह्यले कनगीतच काहून नाही पाह्यलं. इचारा. मी बी मले रोज इचारून राह्यली. अंगनवाडी रोडच्या या बाजूले हाय अन् आमचं घर त्या बाजूले, मधातून ट्रॅक्टर जातात, रेतीच्या गाड्या जातात, पोरीनं एकटीनं तो रोड कधी ओलांडला नव्हता. माह्या ध्यानातच नाही आलं का ते घरी जाईन. डोकं चालतच नव्हतं. मी पोरीले भेवाचं शिकवलं, मले कोनी भेव लागल्यावर काय कराचं ते शिकवलं नाही.

तितक्यात भासरे आले.

आता हे बी सांगनं लागते. आमच्या घरात सून भासऱ्यासंग बोलत नाही. ते अंगनात आले का आपन पदर घ्याचा अन् आत जाचं. त्याइले पानी द्याचं असन तं तांब्या उंबरठ्यावर ठेवाचा. पाच वर्स झाले माह्या लग्नाले, मी त्याइच्यासंग एक शब्द बोलली नव्हती अन् ते माह्यासंग नाही. काही सांगाचं असन तं सासूले सांगाचं, सासू त्याइले सांगन. लोक म्हन्तात आता हे सारं गेलं. गेलं असन त्याइच्या घरातून.

ते सासूकडं पाहून म्हने, "इचार तिले, सकायपासून वस्तीत कोन आलं होतं."

सासू माह्याकडं वळली. "कोन आलं होतं वं?"

अन् मी म्हनलं, "केसवाली."

तेवढाच शब्द. मले तिचा संशय होता का? नाही. मले कोनाचाच नव्हता. सकायी कोन आलं होतं इचारलं, मी सांगतलं. शायेत जसं इचारल्यावर सांगतात तसं.

केसवाली म्हंजे केसावर भांडे देनारी. बाया डोकं इचरल्यावर जे केस निघतात ते गुंडाळून भिंतीच्या भोकात नाई तं खिडकीत ठेवतात, ते महिन्यातून एक डाव येते, केस हातात तोलते अन् प्लास्टिकचा टब देते, स्टीलची वाटी देते, थोडेच असले तं एखादी क्लिप. म्हातारी हाय, दात पडेल. माही पोरगी सगळ्या दुनियेले भेते, एका तिलेच भेत नसे. का भेत नसे ते मले समजलं नाही कधी. ते बाई पोरीची शेंडी बोटात धरे अन् म्हने, "वाढव वं, वाढव. तुह्या केसावर मी तुले हंडा देईन." अन् पोरगी खुदकन हासे. त्या दिवशी सकायी तिनं पोरीच्या केसात एक पिवळी क्लिप लावून देली, फुकट. मले ते आवडलं नव्हतं. खरं सांगून राह्यली. मी दोन वर्स जीव पाखडला अन् हे भांडेवाली येऊन पोरीले हासवते, मले राग आला होता.

मी केसवाली म्हनली अन् सेविका बाई लगेच म्हने, "हो हो, मी पाह्यली. दारापाशी घुटमळून राह्यली होती."

तिनं काही पाह्यलं नव्हतं. त्या दिवशी तिच्याकडं सुपरवायझर बाई आली होती, गाडीतून, संग दोन मानसं, पोरांची वजनं घ्याले. सेविकेले बाहेर पाहाले येय कुठी होता. ते मानसं काटा लटकवून राह्यले अन् माह्या पोरीनं दोन अनोयखी मानसं पाह्यले, अन् तिले मी जे शिकवलं होतं ते तिनं केलं. चपला घातल्या अन् पयाली. पन सुपरवायझरसमोर सेविका कशी म्हनन का माह्या दारातून पोरगी निघून गेली अन् मले पत्ता नाही. तिले केसवाली भेटली, तिचं भागलं.

भासरे अन् तिघंजन दोन मोटारसायकलीवर निघाले. किन्हीराजाच्या रोडनं गेली असन म्हने.

आमी आनखी घंटाभर वस्ती धुंडली, मंग मी घरी आली. कायले आली माईत नाही, सासू म्हने मोबाईल आन, त्याले फोन लाव. मी मोबाईल घेतला अन् कोठ्याकडून वास आला, कुटाराचा, रोजचाच वास, अन् मले एकदम कनगी आठोली. मी गेली. बैल बसेल होता, त्याले ओलांडून गेली. कनगीच्या तोंडातून पिवळी क्लिप दिसली. पोरगी आत गुडघ्यात तोंड घालून बसली होती, चपला छातीशी धरून. डोये उघडे. घंटाभर सगयं गाव तिचं नाव घेऊन ओरडून राह्यलं अन् ते आयकून राह्यली होती अन् बसून राह्यली होती. मी हात लावला तवा तिनं मान वर केली. शहानी म्हनीन म्हून वाट पाहून राह्यली होती.

मी तिले एक झापड मारली अन् मंग छातीशी धरली. दोन्ही एकाच दमात.

तिले कडेवर घेऊन मी ग्रामपंचायतीच्या ओट्यापाशी आली तं तठी गर्दी. केसवालीले आनलं होतं. खाली बसवलं होतं. तिचं बोचकं सोडलं होतं अन् सगळ्या गावाच्या बायांचे केस ओट्यावर पडले होते, काये, पांढरे, मेंदीवाले, वाऱ्यानं उडून राह्यले होते, अन् टब अन् वाट्या.

एक पोट्टा म्हने, "काय वं बुढे, केसं घेता घेता पोट्टी बी घेतली का?"

दुसरा म्हने, "पोट्टीवर काय देते वं? कूकर?"

लोक हासले. मंग कोनीतरी मले पाह्यलं अन् म्हने भेटली, पोट्टी भेटली. मले वाटलं झालं. आता सोडतीन तिले.

पोलीस पाटील म्हने, "कुठी होती?"

मी सासूकडं पाहून म्हनलं, "कोठ्यात. कनगीत."

अन् तिथंच मी थांबली. पुढचं वाक्य माह्या तोंडात होतं. मीच शिकवलं तिले तिथं बसाले. पाच शब्द. भासरे समोर उभे होते, ओट्यावर सगये मानसं, माह्या डोक्यावर पदर, अन् मी थांबली.

मंग भासरेच म्हने, "कनगीत? चार वर्साची पोट्टी एकटी रोड ओलांडून कनगीत जाईन का? हिनंच दपवली असन. सगये इकडं शोधून राह्यले का मांगून घेऊन जाची."

"बराबर हाय," कोनी म्हने. "ते क्लिप पाहा. लालूच देल्ली."

केसवाली म्हने, "बाबू, बीस साल झाले मी या गावात येऊन राह्यली. तुह्या मायचे केस काये होते तवापासून मी नेऊन राह्यली. मले पोट्टी न्याचीच असती तं तुलेच नेलं असतं, लहानपनी लय गोरा होता तू."

दोघंतिघं हासले. भासऱ्याइनं तिच्या तोंडात मारली. तिच्या बोलन्यावर नाही मारली, लोक हासले म्हून मारली, मी पाह्यलं. तिचा पदर पडला. तिनं तो उचलला अन् गाल धरून बसली.

पाटील म्हने, "मारू नका बाप्पा, फोन केला हाय, जीप येऊन राह्यली. पोट्टीलेच इचारा ना."

हे मले बी बरं वाटलं. अन् मले लगेच भेव बी वाटलं का हे बोलनार नाही. माही पोरगी लोकात बोलत नाही. अंगनवाडीत टाकून तिले तीन महिने झाले होते, तीन महिन्यात तिनं तठी सोताचं नाव सांगतलं नव्हतं. सेविका मले सगळ्या मायांपुढं म्हने, मुकी हाय का वं तुही, डाक्टरले दाखव. बोले फक्त एका येयी. सेविका सगळ्या पोराइले इचारे, हात धुतले का? सगये पोरं एका दमात, हो बाई. खिचडी आवडली का? हो बाई. शहानी पोरं कोन, तुमी का? हो बाई. त्या आवाजात माही पोरगी बी म्हने, हो बाई. मी दाराआडून पाह्यलं होतं अन् मले रडू आलं होतं आनंदानं. बोलली म्हनलं, माही बोलली. सासूले सांगतलं, फोनवर नवऱ्याले सांगतलं.

ओट्यावर पोरीले उतरवलं. सेविका तिच्यापुढं उकिडवी बसली. तिचा तोच आवाज, वर्गातला, ताल धरल्यासारखा.

"बेटा, या बुढीनं नेलं का तुले?"

अन् माही पोरगी म्हने, "हो बाई."

लोक आनखी जवय सरकले.

"हिनं तुले कनगीत बसवलं का?"

"हो बाई."

"पाह्यलं?" सेविका उठून म्हने. सुपरवायझर बाई गाडीपाशी उभी होती, तिच्याकडं पाहून म्हने.

केसवालीनं पोरीकडं पाह्यलं. मले वाटलं ते मले शिव्या देईन, पन ते पोरीकडंच पाहून राह्यली.

मी पोरीले उचललं अन् घरी आली. पयालीच म्हना. घरात आल्यावर मी तिले खाटीवर बसवलं, पानी देल्लं, अन् हळू इचारलं, केसवाल्या आजीनं नेलं का तुले? ती माह्याकडं पाहूनच राह्यली. मंग मी सेविकेसारखा आवाज काढला. तसाच ताल धरून. "बेटा, मी नेलं का तुले?"

"हो बाई."

मले. मायले. हो बाई.

"आजीनं नेलं का?" "हो बाई." "बैलानं नेलं का?" "हो बाई."

सासू दारात उभी होती. तिनं सारं आयकलं. ते येडी नाही, तिले एका झटक्यात समजलं. ते आत आली, दार लोटलं अन् म्हने, "झालं तं. आता तोंड उघडू नको."

मी म्हनलं, आत्याबाई, त्या बाईले पोलीस नेतीन.

"दोन दिस ठेवतीन, सोडतीन. तिच्यासारख्याले काय होते. पन तू सांगतलं का ते चोर नाही, तं मारलं कोनं? माह्या लेकानं मारलं. मंग केस कोनावर होईन? इचार कर. तुह्या नवऱ्याचा भाऊ हाय तो."

मी नवऱ्याले फोन लावला. तो लाईनवर उभा होता, मशीनचा आवाज येऊन राह्यला होता. मी रडतरडत सांगतलं. तो म्हने, "पोट्टी भेटली ना? मंग? तू मधात पडू नको." मी म्हनलं, अवो पन. तो म्हने, "सुपरवायझर आला," अन् फोन ठेवला. त्याच्याकडं बी सुपरवायझर.

मी खाटीवर बसली. आता तुमी म्हनसान, शिकलेली होती, तुले समजलं होतं, तं उठाचं ना. मी नववी शिकली. आठवीपासून मालेगावले, आमच्या तालुक्याले, जाओ, एसटीनं. बसमंदी एक पोट्टा रोज मांगं उभा राहे अन् जे कराचं ते करे. मी सहा महिने काही बोलली नाही. मंग एक दिवस आमच्या वर्गशिक्षिका मॅडम म्हने का मुलींनी बोललं पाह्यजे, घाबराचं नाही, मनात ठेवाचं नाही, काही असलं तं सांगाचं. मी सांगतलं. त्याइनं मोठ्या सराइले सांगतलं, सराइनं माह्या बाबाले बोलावलं. बाबा घरी आला, मले काही बोलला नाही, रागावला बी नाही. माह्यं दप्तर खुंटीवर टांगलं अन् मायले म्हने, आता हिच्यासाठी पाहाले सुरू करू. तो पोट्टा त्याच बसनं जात राह्यला. त्यानं बारावी केली. तोंड मी उघडलं अन् शाया माही बंद झाली. माह्या बाबाच्या घरात, शिका म्हनून सांगून गेले त्याइच्या फोटोले रोज हार घालत, अन् त्यानंच दप्तर टांगलं, मंग बाकीच्याइचं काय सांगू.

मले शायेनं हेच शिकवलं. समजलं का, हो सर. अन् नाही समजलं तरी हो सर. जिले बोलता येते तिनं बोलाचं नाही, हे मंग घरानं शिकवलं. माह्या पोरीले मी दोन्ही शिकवले, एक घरी अन् एक अंगनवाडीत टाकून.

मी खाटीवर बसून हे असं नीट काही इचार करत नव्हती. आता करून राह्यली. तवा मी निस्ती बसली होती अन् पोरीच्या केसातली क्लिप काढून हातात फिरवून राह्यली होती. किती येय बसली? घंटाभर. जास्तच असन. जीपचा आवाज आला तवा उठली.

सासूनं दार अडवलं. मी तिच्या हाताखालून निघाली. पोरगी कडेवर. माह्या डोक्यात एकच होतं, पोरीलेच पुन्हा इचाराचं, सगळ्यासमोर, मी नेलं का म्हून. ते हो बाई म्हनन अन् सगये आपोआप समजतीन. मले बोलाचं कामच पडनार नाही. पोरगीच बोलन माह्यासाठी. पाहा, किती हुशार माय.

ओट्यावर जमादार खुर्चीवर बसला होता. मी पोरीले त्याच्यासमोर उभी केली. मी सेविकेचा तो आवाज काढला. "बेटा, मी नेलं का तुले?"

पोरीनं जमादाराकडं पाह्यलं. खाकी कपडे, मिशा, अनोयखी मानूस. तिनं तोंड मिटलं. मी पुन्हा इचारलं. पुन्हा. तिनं माह्या साडीत तोंड खुपसलं अन् हूं का चूं नाही. माही शहानी बाई.

"काय करून राह्यल्या बाई तुमी?" जमादार म्हने. "तिनं पह्यलेच सांगतलं ना?"

मांगून कोनी म्हने, "मायच बह्याड हाय तं पोट्टी काय."

भासरे दोन पावलं पुढं आले. सासूले हाका मारून म्हने, "हिले घरी ने."

अन् मंग मी बोलली. मी कोनाकडं पाहून बोलली मले आठवत नाही, भासऱ्याकडंच पाहून बोलली म्हन्तात लोक, पदर बी पडला होता म्हन्तात. मी म्हनलं का कनगीत बसाले मी शिकवलं. ओ द्याची नाही मी शिकवलं. तिले कोनं नेलं नाही, ते काटावाले मानसं पाहून पयाली. अन् हो बाई ते सगळ्याइलेच म्हन्ते, बैलाले बी म्हन्ते. मी लय मोठ्यानं बोलली. थांबताच येईना. सेविकेले म्हनलं तुमी काही पाह्यलं नाही, तुमी रजिस्टरात डोकं घालून बसल्या होत्या. सेविका म्हने हे माह्यावर आळ हाय. सुपरवायझर बाई गाडीत जाऊन बसली.

जमादार हासला. मले वाटलं नव्हतं तो हासन. म्हने, "मंग आंगोदर काहून नाही सांगतलं? सारं गाव जमल्यावर अक्कल आली का?"

मी पोरीले उचलून कडेवर घेतलं.

त्यानं केसवालीचं नाव-गाव लिवून घेतलं अन् सोडली. म्हने, या बाजूले आता दिसू नको, उगीच लफडं होते. चूक तिची नव्हती अन् ताकीद तिले. भासऱ्याइले त्यानं एक शब्द इचारला नाही. केस कोनावरच झाली नाही. सासू जे घाबरवून राह्यली होती ते काहीच झालं नाही.

केसवाली उठली. आपले केस गोया कराले लागली. मी बी खाली बसली, दोन मुठी गोया करून तिच्या बोचक्यात टाकल्या. तिनं माह्याकडं पाह्यलं नाही. बोचकं बांधताबांधता म्हने, "कितवी शिकली वं तू?"

"नववी."

"मी तं शायेच्या दारात बी गेली नाही," म्हने, अन् डोक्यावर बोचकं घेऊन गेली. त्याच्यानंतर ते आली नाही. बाया मलेच बोलतात, तुह्यापायी आमचे केस पडून हायेत.

याले आता चार महिने झाले. भासऱ्याइनं अंगनात मधातून भिंत घातली, विटाची, माह्या खांद्याइतकी. जाऊ बोलत नाही. नवरा फोनवर पोरीसंगच बोलते, माह्यासंग नाही. अंगनवाडीत सेविका पोरीले शेवटी बसवते, अन् हो बाई म्हनाची पाळी आली का तिच्याकडं पाहून हासते. मी पोरीले आता नाही म्हनाले शिकवून राह्यली. तिले जमून बी राह्यलं. परवा सासू म्हने ताटली आन, ते म्हने नाही. सासूनं तिले मारली अन् मले म्हने, पाह्य तुही शाया.

वस्तीत एक मास्तरीन राह्यते, वाशीमले जाते नोकरीले. ते मले चांगल्यासाठीच म्हने, "तू कनगीचं तेव्हाच सांगितलं असतंस, तर त्या बाईला मार बसला नसता." बरोबर बोलली. मी घरी आली अन् मले एवढा राग आला का मी पोरीच्या पाटीवरचं सारं पुसलं अन् मंग वही घेऊन हे लिवाले बसली.

तं मास्तरीनबाई, अन् तुमी बाकीचे जे वाचून राह्यले, खुर्चीवर बसून. तुमीच सांगा. पाच वर्स ज्याच्यासंग एक शब्द बोलल्या नाही तो भासरा समोर उभा हाय. सासू मांगं, नवरा पुन्याले. एक डाव तोंड उघडलं होतं तं दप्तर खुंटीले गेलं होतं. कडेवर लेकरू हाय, त्याले तुमीच मुकं केलं, अन् खाली एक म्हातारी गाल धरून बसली हाय. मले घंटाभर लागला. तुमी काय केलं असतं, अन् किती येयात केलं असतं?